गमबुटाची कुळकथा

जून लागला की गोव्यात ट्रॉलर धक्क्याला लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. खवळलेला समुद्र आणि मासळीचे विणीचे दिवस, दोन्ही कारणे खरीच. पण आमच्यासारख्या हौशी माणसांचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. मानशीवर, खाजनाच्या बांधावर, नदीच्या मुखाशी गरी घेऊन बसायचे. पाऊस डोक्यावर, चिखल पायाखाली. म्हणून एका वर्षी मी बाजारातून गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट विकत आणले आणि मोठ्या दिमाखात गरवायला निघालो.

त्याच जुलैत ते बूट मला घेऊन बुडायचे होते. खडकावर उभा होतो, नजर दोरीवर होती. एक लाट गुडघ्याच्या वर आली आणि दोन्ही बूट काठोकाठ भरले. पाय उचलू म्हटले तर उचलेना. पुढची लाट येण्याआधी शेजारी गरवणाऱ्या एका वृद्ध खारव्याने दंडाला धरून मला वर ओढले. त्याचे पाय अनवाणी होते. मी धापा टाकत बुटातले पाणी ओतत होतो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "पात्रांव, उदकांत बूट कित्याक?"

पाण्यात बूट कशाला? प्रश्न साधा होता, पण मनातून जाईना. हे बूट मुळात कोणासाठी आणि कशासाठी तयार झाले, याचा शोध घेऊ लागलो आणि पहिलाच माणूस भेटला तो आपल्या चांगल्या ओळखीचा निघाला.

इंग्रजीत या बुटाला 'वेलिंग्टन' म्हणतात. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. घाटापलीकडच्या बेळगाव-धारवाडच्या मुलखात १८०० साली भर पावसाळ्यात धोंडजी वाघाचा पाठलाग करणारा तो हाच. मराठ्यांशी लढायचे तर पावसाळ्यातच लढावे, असे त्याचे मत होते. नद्या दुथडी भरल्या की मराठ्यांचे घोडदळ अडते, आपण मात्र वेताच्या गोल नावांतून पलीकडे जाऊ, असा त्याचा हिशेब. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर तो उभा ठाकला तेव्हाही मधे नदीच होती. दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे दिसतात, म्हणजे मधे उतार असणारच, एवढ्या तर्कावर त्याने केळणा नदीत सैन्य घातले. तर्क बरोबर ठरला आणि दख्खनचे भवितव्य फिरले.

त्या दिवशी त्याच्या पायांत आजचा रबरी बूट मात्र नव्हता. पुढे वॉटर्लूच्या सुमारास त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या होबी नावाच्या चांभाराकडून त्या काळच्या 'हेसियन' बुटात बदल करून घेतला. गोंडा काढला, टाच कमी केली, कातडे मऊ वासराचे घेतले. लढाईत चालेल आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलालाही शोभेल असा तो बूट होता. ड्यूकचे अनुकरण म्हणून अख्ख्या इंग्लंडने तो घातला. पण तो शेवटी चामड्याचा. पाण्यात भिजला की जड होणार, वाळला की आखडणार.

खरे जलरोधक पादत्राण मात्र कुठल्याही उमरावाने शोधले नाही. ते अॅमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासींनी शोधले. झाडाचा चीक साच्यावर थरावर थर चढवून धुरावर वाळवला की अखंड जोडा तयार होतो, शिवण नाही की भोक नाही. हे जोडे १८२०च्या दशकात ब्राझीलच्या पारा बंदरातून अमेरिकेत जाऊ लागले आणि तिथे रबराचे वेडच पसरले. परंतु कच्च्या रबराचा स्वभाव वाईट. थंडीत ते लाकडासारखे ताठ होई आणि उन्हाळ्यात वितळून घाण मारी. कंपन्या आल्या आणि बुडाल्या.

चार्ल्स गुडइयर हा माणूस या एका प्रश्नापायी कर्जबाजारी झाला, तुरुंगात गेला. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळायला हवे होते, पण चामड्यासारखे करपून घट्ट झाले. रबराच्या लांब साखळ्यांना गंधकाने एकमेकींशी बांधून टाकले होते. १८४४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉकने तीच प्रक्रिया आधी नोंदवली. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून तिला 'व्हल्कनायझेशन' नाव पडले. गुडइयर १८६० साली मेला तेव्हाही डोक्यावर कर्ज होतेच. टायरची प्रसिद्ध कंपनी १८९८ साली निघाली. तिने त्याचे फक्त नाव घेतले, त्याच्या घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

पुढची गोष्ट मग कारखान्यांची. हायरम हचिन्सन हा अमेरिकन १८५३ साली फ्रान्सला गेला आणि लाकडी खडावा घालून शेतात राबणाऱ्यांसाठी रबरी बूट काढू लागला. १८५६ साली एडिंबरोत नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धात खंदक पाण्याने भरले, सैनिकांचे पाय सडू लागले. पायांना देवमाशाचे तेल चोळूनही पुरेना. तेव्हा या एका कंपनीने सुमारे १२ लाख जोड बूट पुरवले. फिनलंडमध्ये १८९८ साली सुरू झालेला रबराचा कारखाना पुढे नोकिया गावात गेला आणि १९६७ साली नोकिया कंपनीत विलीन झाला. ज्या नोकियाचा मोबाइल एके काळी आपल्या सगळ्यांच्या खिशात होता, ती कंपनी १९९० पर्यंत गमबूटही करत होती!

आता कोळ्यांकडे वळू. उत्तरेच्या समुद्रातले मच्छीमार शतकानुशतके चरबी चोळलेले चामडी बूट वापरत. आइसलंडमध्ये तर माशाच्या कातड्याचेही जोडे होते. ते इतके लवकर झिजत की डोंगरवाट किती जोडे झिजतील यावर मोजत. रबर आले आणि हे सारे गेले. पण रबरालाही एक शत्रू निघाला, तो म्हणजे खुद्द मासा. माशाच्या तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी सुटते. १९३० साली निओप्रीन हे कृत्रिम रबर निघाले, ते तेलाला आणि उन्हाला अधिक दाद देत नाही. अलास्काचे मच्छीमार निओप्रीनच्या बुटांवर जीव टाकतात ते यामुळे.

हे सगळे वाचल्यावर माझे बूट दुसऱ्याच वर्षी घोट्याच्या घडीवर का चिरले ते कळले. ते रबराचे नव्हतेच, पीव्हीसीचे होते. पीव्हीसी स्वस्त, साच्यात एका दमात ओतलेले. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य तेलाने आणि उन्हाने निघून जाते, मग ते कडक होऊन तडकते. मी तर बांगड्याच्या तेलाने माखलेले बूट धुवायचो आणि कडक उन्हात वाळत घालायचो. दोष बुटाचा होताच, पण अर्धा माझाही होता.

तेव्हा आता मी बूट घेताना किंमत आणि चकाकी बघत नाही. बांधावर, चिखलात उभे राहायचे असेल तर कापडी अस्तरावर थर चढवलेले नैसर्गिक रबर उत्तम. बूट घोट्याशी वाकवून पाहावा, घडी सहज पडावी आणि पांढरी रेघ न राहता मिटावी. तळ आणि वरचा भाग जिथे जुळतो ती कड बोटाने चाचपावी. बहुतेक बूट तिथेच उघडतात. मासळीच्या धक्क्यावर, तेल-रक्तात काम असेल तर निओप्रीन किंवा नायट्राइल मिसळलेला बूट मागावा. माप किंचित मोठे असावे. मोजा बसतो आणि प्रसंग आला तर लाथ झाडून बूट काढता येतो. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत उलटा टांगावा. रबरावर कधी पांढरी भुकटी येते, ती बुरशी नव्हे. आतले मेण किंवा गंधक वर आलेले असते, पुसले की जाते.

आणि लाटेत? लाटेत गमबूट घालायचाच नाही. तो उभ्या पाण्यासाठी, चिखलासाठी, खंदकासाठी जन्मला. रापण ओढणारा आमचा रापणकार पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी उतरतो. त्यामागे गरिबी असेल, पण शहाणपणही आहे. वाळू पायाखालून कधी सरकते ते तळव्याला कळते, बुटाला नाही.

वेलस्लीने नदीचा उतार गावांवरून ओळखला. त्या वृद्ध खारव्याने माझा धोका नुसत्या बुटांवरून ओळखला. अजूनही आम्ही पावसात भेटतो. आता मी बांधावर बूट घालून बसतो आणि खडकाकडे निघालो की ते काढून हातात घेतो. तो बघतो, काही बोलत नाही, नुसता हसतो.