व्यस्त परासरण जलशुद्धक
अर्धपार्य पटलातून दाबाखाली पाणी ढकलून विरघळलेले क्षार वेगळे करणारे घरगुती उपकरण. बोलीत नुसते ‘आरओ’. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पाणी त्याहून गोडे असेल आणि इतर विषारी घटक नसतील, तर हे यंत्र सहसा अनावश्यकच. पाणी आधी गाळ अडवणाऱ्या कँडलमधून, मग सक्रियित कोळशातून जाते. कोळसा वास घालवतो खरा, पण त्याचे मोठे काम पटल राखण्याचे: नळाच्या पाण्यातील क्लोरीन पॉलिअमाइडचे पटल खराब करते. पुढे पंप दाब देतो. शुद्ध पाणी पटलापार टाकीत साठते. क्षार घेऊन उरलेले पाणी वेगळ्या नळीने बाहेर पडते. ते बहुधा शुद्ध पाण्याहून जास्त असते. फरशी पुसायला चालते, कुंड्यांना मात्र जपून घालावे.