चाळिसाचे तीस

मागच्या विकेंडला जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो साफ करत बसलो होतो. २०२३ मध्ये मी ऑनसाइट होतो चेस्टरला, इंग्लंड आणि वेल्सच्या अगदी सीमेवर. तिथून होलीहेडची ट्रेन पकडली की दीड-पावणेदोन तासांत अँगलसी बेटावर. टीममधली मंडळी लंडन, एडिंबरा करायची, मी मात्र चार वेळा या एकाच बेटावर गेलो. फोटोही असले की आईला दाखवले तर ती विचारेल, "अरे, हा काय पाहायला गेला होतास?" एका फोटोत लानगेव्हनी गावातली काउंटी कौन्सिलची इमारत आहे. आपली जिल्हा परिषद असते ना, साधारण तशी. त्या इमारतीची गोष्ट मला तिथल्या एका आजीबाईंनी सांगितली. त्यांच्याकडे मी खोली घेऊन राहिलो होतो. पुढचं मी वाचून काढलं, आणि आता तुम्हाला पिडतो.

आधी थोडं बॅकग्राउंड. अँगलसीचं वेल्श नाव अनिस मोन. वस्ती जेमतेम सत्तर हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. बेटाला 'काउंटी' केलं इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने. उत्तर वेल्स जिंकल्यावर त्याने १२८४ मध्ये ऱ्हडलनचा कायदा काढला आणि इथे इंग्लिश पद्धतीचे जिल्हे आखले. त्याआधी वेल्श राजांची स्वतःची रचना होती. बेटाचे तीन 'कान्त्रेव्ह', प्रत्येकाचे दोन 'कुमुद', असे एकूण सहा. (कुमुद म्हणजे आपलं कमळ नाही. वेल्श शब्द आहे, अर्थ महसुली विभाग. आपल्या परगणा-तरफेसारखं समजा.) टालबोल्यॉन, तुर्केलिन, लिवॉन, मालट्राइथ, मेनाय, डिनडाइथ्वी. ही नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

काउंटी म्हणून या बेटाचं नशीबही गमतीचंच. निवडून आलेली काउंटी कौन्सिल आली १८८९ मध्ये. १९७४ मध्ये लंडनच्या सरकारने वेल्सच्या तेरा काउंट्यांच्या आठ केल्या. त्यात अँगलसी ग्विनेदमध्ये विरघळली आणि नुसता एक बरो होऊन राहिली. बावीस वर्षांनी, १ एप्रिल १९९६ ला, पुन्हा नकाशे बदलले. आठ काउंट्या आणि सदतीस जिल्हे मोडून बावीस कौन्सिलं केली आणि अँगलसी परत स्वतःची मालक झाली. शाळा, रस्ते, कचरा, वृद्धांची देखभाल, सगळं एकाच कौन्सिलकडे.

या कौन्सिलात चाळीस सभासद आणि चाळीस वॉर्ड. एका वॉर्डातून एकच माणूस. सत्तर हजारांना चाळीस भागिले तर एका नगरसेवकामागे पावणेदोन हजार माणसं. आमच्या पुण्यात २०१७ मध्ये १६२ नगरसेवक होते आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या एकतीस लाख. म्हणजे एकामागे एकोणीस हजार! तिथे आपला सभासद कोण हे सगळ्यांना माहीत असतं, कारण तो सकाळी त्याच दुकानात पाव घ्यायला येतो. आजीबाई म्हणाल्या, "रस्त्यावरचा दिवा गेला तर मी फोन करत नसे, त्याच्या बायकोला सांगत असे."

ऐकायला किती छान! लोकशाही हवी तर अशी. पण गोम तिथेच होती.

अशा वॉर्डात पक्षाची गरजच उरत नाही. माणूस ओळखीचा, त्याचे वडील ओळखीचे, तो निवडून येणारच. मग समोर उभं कोण राहणार? ग्रामीण वेल्समध्ये बिनविरोध निवडणूक ही आजही नवलाई नाही. २०२२ मध्ये सबंध वेल्समधून ७४ सभासद एकही मत न पडता निवडून आले. अँगलसीच्या कौन्सिलात अर्ध्याहून जास्त अपक्ष असायचे. अपक्ष म्हणजे स्वतंत्र बाण्याचे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अपक्षांचेच गट पडले. एका गटाने तर स्वतःचं नाव 'ओरिजिनल इंडिपेंडंट्स' ठेवलं होतं. मूळ अपक्ष! (आपल्याकडे 'खरी' काँग्रेस, 'खरी' सेना असते, तर त्यांच्याकडे खरे अपक्ष.) गटाला जाहीरनामा नाही, व्हिप नाही, मतदारांसमोर एकत्र जाणं नाही. आज या गटात, उद्या त्या गटात. नेता टिकणार की पडणार हे मतपेटीत ठरत नव्हतं, कौन्सिलच्या कॉरिडॉरमध्ये ठरत होतं. एकमेकांविरुद्ध तक्रारी आणि सभासद विरुद्ध अधिकारी हा तर रोजचा कार्यक्रम.

हे चालू होतं ते वर्षही बघा. २००९ मध्ये होलीहेडजवळचा अ‍ॅल्युमिनियमचा स्मेल्टर बंद पडला. बेटावरच्या मोठ्या रोजगारांपैकी एक. दुसरा मोठा आधार विल्वाचं अणुवीज केंद्र, त्याचीही म्हातारपणाकडे वाटचाल चालू होती (ते २०१५ च्या अखेरीस बंद झालं). पोरं बेट सोडून चाललेली, आणि कौन्सिल भांडणात मश्गूल. त्याच वर्षी वेल्सच्या महालेखापरीक्षकांनी कौन्सिलच्या कारभाराची तपासणी करून कडक अहवाल दिला. बाहेरून व्यवस्थापक आणून बसवला, काही फरक पडेना. अखेर मार्च २०११ मध्ये कार्डिफच्या सरकारने सभासदांचे अधिकार काढून घेतले आणि पाच कमिशनर नेमले. सभासद खुर्चीवर, पण निर्णय कमिशनरांचे.

एवढ्यावर थांबलं नाही. ३ मे २०१२ ला सगळ्या वेल्समध्ये स्थानिक निवडणुका झाल्या, एक अँगलसी सोडून. मंत्री कार्ल सार्जंट यांनी तिथली निवडणूक वर्षभर पुढे ढकलली. का? तर आधी वॉर्ड नव्याने पाडायचे होते. जुन्याच वॉर्डांवर मतदान घेतलं तर जुनीच माणसं परत येतील, असा हिशोब. आमच्या भाषेत सांगायचं तर बग कोडमध्ये नाही, डिझाइनमध्ये आहे, तेव्हा सर्व्हर रीस्टार्ट करून उपयोग नाही.

इथे मी जरा अडखळतो. गोंधळ घातला सभासदांनी, आणि मतपत्रिका वर्षभर लांबली मतदारांची. नकाशा बदलताना सीमा आयोगाने सूचना-हरकती मागवल्या, हे खरं. पण एका वॉर्डातून अनेक सभासद हे धोरण वरून आलं होतं. लोकांना विचारलं ते रेघ इथून जावी की तिथून, एवढंच.

तर नवा नकाशा असा. चाळीस वॉर्डांचे अकरा. चाळीस सभासदांचे तीस. आठ वॉर्डांतून तीन-तीन, तीन वॉर्डांतून दोन-दोन. जितके सभासद तितकी मतं प्रत्येक मतदाराला. होलीहेडमध्ये पूर्वी किंग्जलँड, मोरावेलॉन, लंडन रोड असे मोहल्ल्यांएवढे वॉर्ड होते. (लंडनहून थॉमस टेलफर्डने आणलेला रस्ता इथे समुद्रापाशी संपतो, म्हणून लंडन रोड.) ते सगळे पुसले.

आणि आता नावं. अकरा मोठे वॉर्ड केले, पण प्रत्येकात आठ-दहा गावं. एका गावाचं नाव दिलं तर बाकीची रुसणार. मग जुना दफ्तरखाना उघडला. टालबोल्यॉन, तुर्केलिन, लिवॉन, आणि डिनडाइथ्वीचं शेपूट घेऊन आइथ्वी. एडवर्डच्या आधीचे कुमुद मतपत्रिकेवर हजर! अगदी सातशे वर्षांनी असं नाही म्हणता येणार. तुर्केलिन आणि आइथ्वी ही नावं १९७४ पर्यंत ग्रामीण जिल्ह्यांना होती. पण तरी.

ब्रो ऱ्होसिर या वॉर्डाची कथा मला सगळ्यात भिडली. १२९४ मध्ये वेल्श लोकांनी बंड केलं, ते मोडून एडवर्डने १२९५ मध्ये ब्यूमॅरिसचा किल्ला बांधायला घेतला. जवळच लानवाइस नावाचं भरभराटीचं वेल्श बंदर होतं. राजाने ते गाव उठवलं आणि माणसं बेटाच्या दुसऱ्या टोकाला, ऱ्होसिरला नेऊन बसवली. त्या वस्तीला नाव मिळालं न्यूबरो. धरणग्रस्तांच्या गावाला 'नवी अमुकवाडी' म्हणतात ना, अगदी तसं. किल्ला शेवटपर्यंत पूर्ण झालाच नाही. तुम्ही तिकीट काढून तो बघता तेव्हा गाइड भिंतींची समरूपता दाखवतो, उठवलेल्या गावाचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकतो.

दोन वॉर्ड संतांच्या नावांचे. पूर्वेला सायरिओल, पश्चिमेला कबी (होलीहेडचं वेल्श नाव कायरगबी, म्हणजे कबीचा कोट). दंतकथा अशी की सहाव्या शतकातले हे दोन मित्र दर आठवड्याला बेटाच्या मध्यावर, विहिरींपाशी भेटायचे. कबी सकाळी पूर्वेला चालायचा आणि संध्याकाळी पश्चिमेला, त्यामुळे ऊन कायम तोंडावर. सायरिओलचं बरोबर उलट, ऊन कायम पाठीवर. म्हणून कबी रापलेला आणि सायरिओल गोरा.

२ मे २०१३ ला मतदान झालं. निकाल? अपक्ष १४, प्लाइड कमरी (वेल्श राष्ट्रवादी पक्ष) १२, लेबर ३, लिबरल डेमोक्रॅट १. म्हणजे एवढा खटाटोप करून सर्वात मोठा गट अपक्षांचाच! लोकांनी सरकारचा हिशोब नम्रपणे बाजूला ठेवला. पण काहीतरी बदललंही. तीन-चार गावांतून मतं आणायची तर नुसती घराण्याची ओळख पुरत नव्हती. कमिशनर त्याच महिन्यात निघून गेले आणि त्यांना पुन्हा बोलवावं लागलं नाही. २०१७ मध्ये प्लाइडच्या लिनोस मेडी कौन्सिलच्या नेत्या झाल्या, या पदावरच्या पहिल्या महिला (२०२४ मध्ये त्या बेटाच्या खासदार झाल्या). २०२२ मध्ये प्लाइडला ३५ पैकी २१ जागा, चक्क स्वच्छ बहुमत. मला स्वतःला वाटतं यात नव्या वॉर्डांचा हात मोठा आहे. हातात तीन मतं असली की माणूस तिन्ही एकाच पक्षाला देऊन मोकळा होतो.

३५ वाचून तुम्ही चमकला असाल. बरोबर. २०२२ च्या निवडणुकीआधी पुन्हा सीमा बदलल्या, तिसाचे पस्तीस केले. वॉर्डांची संख्याही वाढली, होलीहेडचे पुन्हा तुकडे झाले, आणि कुमुदांच्या शेजारी केव्हनी, क्रिगिल या नद्यांची नावं आली. तीस फार कमी होते, असं कुणी मोठ्याने म्हटलं नाही. आकड्यानेच सांगितलं.

माझं पहिलं मत २०१७ चं, पुणे महापालिकेचं. चार जणांचा प्रभाग, चार बटणं. पहिली दोन विचार करून दाबली, उरलेली दोन चिन्ह बघून. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक काही होईना. मधल्या काळात प्रशासकच. मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. अँगलसीची एका वर्षाची वाट मला त्यामुळे फार मोठी वाटली नाही, आणि याचंच नंतर वाईट वाटलं.

आणि एक राहिलंच. मधे २०२३ च्या मे महिन्यात चेस्टरला स्थानिक निवडणूक होती. राष्ट्रकुलातला नागरिक कायदेशीर राहत असेल तर ब्रिटनमध्ये मत देऊ शकतो, हे मला घरी आलेल्या पत्रामुळे कळलं. त्या वर्षीपासून इंग्लंडमध्ये फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं होतं, आपला पासपोर्ट चालला. पेन्सिलीने फुली मारायची. बूथवरच्या काकूंनी विचारलं, "पहिल्यांदाच का?"

मी म्हटलं, "इथे पहिल्यांदा."

आजीबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, आता आमच्या वॉर्डात तिघे आहेत. "दिवा गेला की मी तिघांनाही लिहिते. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल."

मग दिवा?

"शेजारच्या पोराने मोबाइलवरून तक्रार टाकली. लागला."