परभणीच्या काळ्या जमिनीतील पुनरावृत्ती

निजाम राजवटीत 1918 साली परभणीला मुख्य प्रयोग प्रक्षेत्र सुरू झाले, 1956 साली कृषी महाविद्यालय आले आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या वाटचालीत पीकप्रयोगांची जी शिस्त येथे रुजली, तिच्या मुळाशी एकच गोष्ट अनेकदा मोजण्याचा आग्रह आहे.

हा आग्रह काळ्या जमिनीत विशेष मोलाचा ठरतो, कारण एकाच शेतात ओढ्याकडची पट्टी खोल आणि ओल धरणारी असते, तर चढाच्या बाजूला हातभर खणताच मुरूम लागतो. ज्वारीचा एक वाण खोल पट्टीत आणि दुसरा चढावर पेरला, तर मळणीनंतर दिसणारा फरक वाणाचा की जमिनीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शेताचे गट पाडून प्रत्येक गटात सगळे वाण पेरतात, वाफ्यांचा क्रम यादृच्छिक म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडलेला ठेवतात आणि काठाच्या ओळी वगळून आतल्या कणसांचेच दाणे तोलतात. वाण असा प्रत्येक गटात पुन्हा येणे म्हणजे पुनरावृत्ती.

या पद्धतीला शास्त्राचे रूप रोनाल्ड फिशर यांनी 1920 नंतरच्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे दिले. भारतात ती रुजवणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते, आणि त्यांचा 1954 सालचा संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ कृषी पदव्युत्तर प्रबंधांच्या संदर्भसूचीत आजही हमखास सापडतो.

शेताबाहेर, क्ष-किरण स्फटिकशास्त्रातही पुनरावृत्तीचे हेच तत्त्व चालते: स्फटिकातून ठरावीक दिशांना विखुरणाऱ्या किरणांची तीव्रता, तसेच सममितीमुळे त्या दिशांशी तुल्य असणाऱ्या दिशांची तीव्रता, पुनःपुन्हा मोजून सरासरी काढली जाते. चार मापनांनी यादृच्छिक चूक निम्मी होते, सोळांनी चौथाई. मात्र स्फटिक एकाच स्थितीत ठेवून कितीही वेळा मोजले, तरी त्या स्थितीतला दोष प्रत्येक मापात तसाच उतरतो, म्हणून तो फिरवून वेगवेगळ्या दिशांनी मोजणे अधिक विश्वसनीय असते. एका वाणाचे चारही वाफे ओढ्याकाठी आले तर जे होईल, तेच एकाच स्थितीतल्या मापांतही होते.

प्रयोग प्रक्षेत्राबाहेर, शेतकऱ्यांच्या शेतांतही हाच आग्रह पोचला. गावाच्या पिकाची आणेवारी, म्हणजे उत्पादनाचा अंदाज, पूर्वी नजरअंदाजाने ठरत असे. सुखात्मे व पानसे यांनी 1940 नंतरच्या दशकात यादृच्छिक निवडलेल्या शेतांतील पीककापणी प्रयोगांचा पाया घातला, आणि पंतप्रधान पीक विमा योजनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमुख पिकासाठी महसूल मंडळात असे किमान 10 प्रयोग घेणे आवश्यक होते. शेतकऱ्याची भरपाई या प्रयोगांतील सरासरी उत्पादनावर ठरते.