हिटाइट नगरद्वारे व द्वाररक्षक शिल्पे

हिटाइट नगरद्वारे म्हणजे इ.स.पू. १७ व्या ते १२ व्या शतकांत आनातोलियावर (आजचे तुर्कस्तान) राज्य करणाऱ्या हिटाइट लोकांनी आपल्या नगरांच्या तटबंदीत उभारलेली भव्य पाषाणी प्रवेशद्वारे होत. या द्वारांच्या चौकटींवर सिंह, स्फिंक्स (मानवी मुखाचा सिंहदेही प्राणी) किंवा सशस्त्र देवता कोरलेल्या आढळतात. राजधानी हत्तुशा व तिच्या उत्तरेकडील अलाजा होयुक या दोन स्थळी त्यांचे उत्तम नमुने आहेत. हत्तुशाचे अवशेष अंकाराच्या पूर्वेस सुमारे १५० किमीवर बोगाझकाले या गावाजवळ असून १९८६ पासून त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश आहे. गावाचे जुने नाव बोगाझकॉय. मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या वैदिक देवतांचा उल्लेख असलेला मितन्नी राजाबरोबरचा प्रसिद्ध तह येथेच मृत्तिकापट्टांवर सापडला. त्यामुळे हे नाव भारतीय वाचकांच्या कानावरून बहुधा गेलेले असते.

रचना

दोन चौकोनी बुरुजांमधून जाणारा मार्ग, त्याच्या बाहेरच्या व आतल्या तोंडाशी एकेक दरवाजा आणि दोहोंमध्ये एक दालन, अशी या द्वारांची सर्वसाधारण रचना असे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना प्रचंड शिळा उभ्या करून त्या वरच्या अंगाला एकमेकींकडे झुकवीत. त्यामुळे प्रवेशमार्गाला वर निमुळती होत जाणाऱ्या अन्वस्ताकार कमानीचा आकार येई. तटाचा पाया दगडी असला तरी वरचे बांधकाम कच्च्या विटांचे व लाकडाचे होते. आज दिसतो तो केवळ दगडी भाग. मूळ उंचीची कल्पना यावी म्हणून २००३ ते २००५ या काळात हत्तुशाच्या तटाचा ६५ मीटर लांबीचा तुकडा जुन्या पद्धतीने पुन्हा बांधण्यात आला.

दरवाजे लाकडी असून आतून अडसर घातला जाई. राजधानीच्या नगराधिकाऱ्यासाठी लिहिलेली राजाज्ञा उपलब्ध आहे. तिच्यानुसार सायंकाळी दरवाजे बंद करून त्यांवर मुद्रा उमटवावी आणि सकाळी ती अभंग असल्याची खात्री करूनच दरवाजे उघडावेत, असा दंडक होता.

हत्तुशाची द्वारे

नगराच्या दक्षिणेकडील उंच भागात तीन शिल्पयुक्त द्वारे आहेत. नैर्ऋत्येच्या सिंहद्वारात बाहेरून येणाऱ्याच्या दोन्ही हातांना जबडा वासलेले दोन सिंह आहेत. त्यांचे मस्तक, छाती व पुढचे पाय तेवढे चौकटीच्या शिळेतून बाहेर आलेले असून उरलेले शरीर जणू दगडातच राहिले आहे. छातीवरचे केस बारकाईने कोरलेले आहेत. या सिंहांना स्वतंत्र पुतळे म्हणणे बरोबर नाही. ते द्वाराच्या भाराचाच एक भाग आहेत. हिटाइट रक्षकशिल्पाचे मर्म येथे स्पष्ट दिसते.

आग्नेयेचे राजद्वार हे नाव चुकीचे असले तरी रूढ झाले आहे. १९०७ मध्ये तेथे दोन मीटरहून उंच उठावशिल्प मिळाले, तेव्हा ते राजाचे असावे असे संशोधकांना वाटले. भरदार छातीमुळे काहींनी ती स्त्री-योद्धाही मानली. परंतु त्याच्या शिरस्त्राणाला शिंगे आहेत आणि शिंगे हे हिटाइट कलेत देवत्वाचे चिन्ह आहे. हातात कुऱ्हाड व कमरेला तलवार असलेला हा योद्धा म्हणून देवताच होय. ती नेमकी कोणती, याविषयी मतभेद आहेत. विशेष असे की, हे शिल्प द्वाराच्या बाहेर नसून नगराकडील बाजूस आहे. सिंह येणाऱ्यास दरडावतात. हा देव मात्र बाहेर पडणाऱ्यासच दिसे. केवळ शत्रूला भिववणे हा शिल्पांचा हेतू असता तर ही जागा निवडली गेली नसती.

तिसरे स्फिंक्सद्वार नगराच्या दक्षिण टोकाला येरकापी येथे आहे. त्यासाठी सुमारे २५० मीटर लांब, पायाशी ८० मीटर रुंद व ३० मीटर उंच असा मातीचा भराव घालून बाहेरचा उतार दगडांनी फरसबंद केला. द्वाराच्या बरोबर खालून सुमारे ७० मीटर लांबीची भुयारी वाट भरावातून आरपार जाते. तिच्या दोन्ही भिंतींचे दगड थराथराने आत सरकवत माथ्याशी मिळवलेले आहेत. २०२२ मध्ये या भुयाराच्या भिंतींवर रंगाने काढलेली सुमारे अडीचशे चित्रलिपी-चिन्हे आढळली.

येरकापी ही संरक्षक रचना मानणे कठीण आहे. बाहेरच्या उताराच्या दोन्ही टोकांना वर चढण्यासाठी चांगल्या पायऱ्या आहेत, आणि शत्रूला पायऱ्या बांधून देणारा तट कोणी उभारत नाही. मिरवणुका व धार्मिक विधी यांसाठी ही वास्तू असावी, हे मत त्यामुळे अधिक पटते. येथे चार स्फिंक्स होते: दोन बाहेर व दोन नगराकडे तोंड करून.

या द्वारांचा काळ पूर्वी इ.स.पू. १३ वे शतक, म्हणजे राजा चौथा तुधालिया याची कारकीर्द, असा सांगितला जाई. नगराच्या या भागातील वस्ती त्याहून बरीच जुनी असल्याचे पुढील उत्खननांत दिसून आले.

अलाजा होयुक

येथील द्वाराच्या दोन्ही बाजूंना अखंड शिळांतून कोरलेले, माणसाहून उंच स्फिंक्स आजही मूळ जागी उभे आहेत. त्यांची मुखे स्त्रीची असून केसांची टोके खांद्यांवर गोलाकार वळलेली आहेत. ही केशरचना इजिप्तमधील हाथोर देवीची आठवण करून देते. इजिप्तमध्ये स्फिंक्स बहुधा पुरुषमुखी असतो. हिटाइटांनी कल्पना उसनी घेतली, परंतु तिला आपले रूप दिले. एका स्फिंक्सच्या शिळेच्या आतील अंगावर दोन ससे पकडलेला दोनमुखी गरुड कोरलेला आहे. शेजारच्या तटाच्या पायथ्याशी बसवलेल्या शिलापट्टांवर वेदीवरील बैलाची पूजा करणारे राजा-राणी, तसेच शिडीवरचे कसरतपटू व तलवार गिळणारा खेळाडू आहेत. उत्सवाची मिरवणूकच द्वाराशी येऊन थांबल्यासारखे हे दृश्य आहे. बैल हे पर्जन्यदेवाचे प्रतीक होते.

उत्तरकाल

इ.स.पू. १२ व्या शतकाच्या आरंभी साम्राज्य लयास गेले, तरी आग्नेय आनातोलिया व उत्तर सीरियातील लहान राज्यांनी ही परंपरा चालू ठेवली. झिंजिर्ली, कार्केमिश व मालात्याजवळील आर्सलानतेपे येथे अशी द्वारशिल्पे मिळाली आहेत. कारातेपे-आस्लानताश येथील इ.स.पू. ८ व्या शतकातील द्वारे विशेष महत्त्वाची होत. तेथील सिंह, स्फिंक्स व शिलापट्ट यांवर अझातिवादा या शासकाचा लेख फिनिशियन भाषेत व लुवियन चित्रलिपीत कोरलेला आहे. या द्वारावरील आपले नाव जो पुसेल त्याला देवांनी नष्ट करावे, असा शाप त्यात आहे. १९४६ मध्ये प्रकाशात आलेल्या या द्विभाषिक लेखामुळे लुवियन चित्रलिपीचे वाचन पक्के होण्यास मोठी मदत झाली.

मूळ शिल्पे

राजद्वाराचा योद्धादेव अंकाराच्या आनातोलियन संस्कृती संग्रहालयात असून जागेवर प्रतिकृती आहे. येरकापीचे आतील दोन स्फिंक्स भग्नावस्थेत सापडले व पहिल्या महायुद्धाच्या काळात दुरुस्तीसाठी बर्लिनला नेले गेले. त्यांपैकी एक १९२४ मध्ये तुर्कस्तानास परत मिळाला. दुसरा बर्लिनच्या संग्रहालयातच राहिला. दीर्घकाळ चाललेला हा वाद तुर्की शासनाने जर्मन उत्खननाचा परवाना काढून घेण्याचा इशारा दिल्यानंतर २०११ मध्ये मिटला. आता दोन्ही स्फिंक्स बोगाझकालेच्या स्थानिक संग्रहालयात शेजारी शेजारी आहेत. बाहेरील दोहोंपैकी एक झिजलेल्या अवस्थेत येरकापीवर उभा आहे; त्याचा जोडीदार नष्ट झाला आहे.