विधिपदवी : चंद्रपूर व गडचिरोली

विधिपदवी (एलएल.बी.). वकिलीच्या सनदेसाठी लागणारी पदवी. फौजदारी न्याय हा परदेशांतील अनेक विद्यापीठांत स्वतंत्र पदवीचा विषय आहे. भारतात मात्र कोर्टात उभे राहायचे तर फौजदारी आणि आंतरराष्ट्रीय कायदा एलएल.बी.मध्येच शिकावा लागतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी हा भाग नागपूर विद्यापीठाकडे होता. चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे विधि महाविद्यालय या विद्यापीठाशी संलग्न आहे. पोटदुखे हे चंद्रपूरचे खासदार व केंद्रात अर्थराज्यमंत्री होते.

प्रवेश. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे विधिशिक्षण नियम देशभर लागू आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावी आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागते. किमान गुण खुल्या गटाला 45 टक्के, इतर मागासवर्गीयांना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. शिवाय राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा (विधी सीईटी) द्यावी लागते. तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. या नियमांतील एक तरतूद वनपट्ट्यातल्या मुलामुलींनी आधीच लक्षात ठेवावी. शाळा अर्ध्यात सुटल्यावर दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर ती पदवी विधिप्रवेशाला चालत नाही. बारावी करून मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना ही अडचण येत नाही.

हजेरीचा नियमही येथे जड जातो. प्रत्येक विषयाच्या तासांना 70 टक्के उपस्थिती हवी. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की दक्षिणेकडच्या तालुक्यांतले रस्ते बंद होतात. त्यामुळे या भागातील विद्यार्थ्याला शहरात राहण्याची सोय मिळते की नाही, यावरच त्याची पदवी पुष्कळशी अवलंबून असते.

विषय. अनिवार्य विषयांत संविधान, करार, कौटुंबिक कायदा, मालमत्ता, पुरावा, पर्यावरण, कामगार कायदा असे विषय आहेत. फौजदारीचे दोन भाग आहेत: गुन्हे व शिक्षा, आणि फौजदारी कार्यपद्धती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. जुन्या भारतीय दंड संहितेखालचे खटले अजून चालू असल्याने विद्यार्थ्याला दोन्ही कायदे शिकावे लागतात. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदाही अनिवार्य आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा मात्र ऑनर्सच्या गुन्हेशास्त्र-गटात, म्हणजे ऐच्छिक विषयांत येतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची स्थापना करणाऱ्या 1998 च्या रोम संविधीत भारत सामील नाही, तरीही या जिल्ह्यांत हा विषय वाचला जावा. एकूण आंतरराष्ट्रीय कायद्याचाही येथे उपयोग आहे. आदिवासींच्या हक्कांविषयीचा 2007 चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा, अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा शेजारी ठेवून वाचल्यास, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले त्याचा अर्थ नीट कळतो.

देसाईगंजचा खटला. भारतातल्या प्रत्येक विधिविद्यार्थ्याला या भूमीतला एक निकाल अभ्यासावाच लागतो. मार्च 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. घटनेच्या वेळी देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले (तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य). मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असे न्यायालयाने मानले. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, आणि ठाण्यात बोलावलेल्या गरीब मुलीपुढे विरोधाचा मार्ग तरी कोणता होता, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशभर आंदोलन उभे राहिले. 1983 च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर पीडितेने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे अशी तरतूद आली. पीडितेची ओळख छापण्यासही त्याच दुरुस्तीने मनाई केली, म्हणून तिचे नाव या नोंदीत नाही.

प्रत्यक्ष काम. अभिरूप न्यायालय व कार्यानुभवाला 100 गुणांचा पेपर असतो: तीन अभिरूप खटल्यांना 30, एक दिवाणी व एक फौजदारी खटला बसून पाहण्याला 30, पक्षकाराची मुलाखत व कागदपत्रांची तयारी पाहून रोजनिशी लिहिण्याला 30, तोंडी परीक्षेला 10. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. पदवीचा हा भाग अनेक ठिकाणी वह्या भरून उरकला जातो, आणि सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. दारूबंदीचे गुन्हे, वन्यजीव कायद्याखालचे खटले, जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेले कच्चे कैदी हे येथील कोर्टांचे नित्याचे काम आहे. साक्षीदार गोंडी किंवा माडिया बोलतो, जबानी मराठीत उतरते आणि अपिलात तीच इंग्रजीत वाचली जाते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतला पुरावा त्याच्या भाषेत समजावून द्यावा, असे कायदा सांगतो. त्यामुळे गोंडी येणाऱ्या वकिलाची येथे नितांत गरज आहे; अभ्यासक्रमात मात्र त्या भाषेला एकही गुण नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले व कोठडीतील व्यक्ती यांना वकील मोफत मिळतो. महाविद्यालयांच्या विधी साहाय्य केंद्रांत हे काम विद्यार्थ्याला जवळून पाहता येते.

सनद. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. 30 जुलै 2024 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यातल्या मर्यादेवर आणले: खुल्या गटाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. हा काळ बार परीक्षेआधीच्या तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजला जातो.