भावनांची ओळख : चेहरा आणि प्रसंग

समोरच्या व्यक्तीच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज तिचा चेहरा, शरीराची ठेवण, आवाज आणि प्रसंग यांवरून बांधण्याची क्रिया. या सर्वांत चेहऱ्याला पहिला मान देण्याची रीत जुनी आहे. पुरावा मात्र सांगतो, की भावना किती तीव्र आहे हे चेहऱ्यावरून कळते. ती कोणती, हे बहुधा प्रसंगावरूनच ठरते. हिलेल अविएझर, याकोव्ह ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टेनिसपटूंची छायाचित्रे वापरली होती. मोक्याचा गुण नुकताच जिंकलेल्या किंवा गमावलेल्या खेळाडूचा नुसता चेहरा दाखवला, तेव्हा पाहणाऱ्यांना जीत-हार ओळखता आली नाही. चेहरा वगळून उरलेले शरीर दाखवले, तेव्हा ती ओळखता आली. जिंकलेल्याचा चेहरा हरलेल्याच्या धडावर बसवला, तर तोच चेहरा दुःखी वाटू लागला. शिवाय पूर्ण छायाचित्र पाहणाऱ्यांची समजूत अशी, की आपण चेहऱ्यावरूनच ओळखले. या विषयातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

यावर पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांच्या १९७१ च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. पापुआ न्यू गिनीतील, बाहेरच्या जगाशी फारसा संपर्क नसलेल्या फोरे लोकांनीही चेहरे ओळखले, मग भावमुद्रा सार्वत्रिक नाहीत काय? आक्षेप वजनदार आहे. पण तेथे आधी एक प्रसंग सांगून मोजक्या छायाचित्रांतून त्याला जुळणारे निवडायला सांगितले होते. म्हणजे प्रसंग हाती दिलेलाच होता. तरीही भीती आणि आश्चर्य यांत फोरेंची गफलत झाली. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाश्चात्त्यांना भ्यालेला वाटणारा डोळे विस्फारलेला चेहरा ट्रोब्रियांड बेटांवरील लोकांना धमकावणारा वाटला.

एकाच खुणेचा अर्थ प्रसंगावरून ठरतो, हे नाट्यशास्त्राने कधीच हेरले होते. त्यात अश्रूंची कारणे सांगताना आनंद, शोक आणि भय यांच्याच पंक्तीला धूर, काजळ आणि जांभई आहेत. तेव्हा नुसता चेहरा टिपून उमेदवाराचे किंवा विद्यार्थ्याचे मन वाचल्याचा दावा करणाऱ्या यंत्रांवर विश्वास ठेवणे अन्यायाचे आहे. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत अशा यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली असून ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे.