चिटणिशी ते मैदानाचा कारभार

कल्याणच्या जुन्या वाड्यांवरून किंवा डोंबिवलीतील इमारतींच्या जिन्याखाली टांगलेल्या नामफलकांवरून सावकाश नजर फिरविली, तर सबनीस, फडणीस, कारखानीस, पोतनीस, चिटणीस ही आडनावे पदोपदी भेटतात. ज्यांना आज केवळ कुळाची ओळख म्हणून आपण वागवितो, ती एके काळी सरकारी दरखदारांची पदे होती. सबनिसाने हजेरीपट राखावा, कारखानिसाने कोठाराची वास्तपुस्त ठेवावी, पोतनिसाने रोकड सांभाळावी, फडणिसाने हिशेबाची फर्द लिहावी आणि चिटणिसाने पत्रव्यवहार चालवावा, अशी ती वाटणी होती. कल्याण हे सुभ्याचे ठिकाण असताना हा कारभार कसा चालत असेल, याची आठवण आता सुभेदारवाड्याच्या नावापुरती उरली आहे. परंतु ही सारी कामे एकाच माणसाच्या शिरावर घातली म्हणजे जो अधिकारी निर्माण होतो, तो आजच्या फुटबॉल संघाचा महाव्यवस्थापक होय, असे म्हटल्यास ती निव्वळ कल्पनेची भरारी ठरणार नाही.

या पदाचा उगम मैदानावर झाला नाही, तो दफ्तरात झाला. इंग्लंडात १८८५ साली खेळाडूला वेतन देण्यास मान्यता मिळाली आणि लगेच पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबाने जाहिरात देऊन वार्षिक १०० पौंड वेतनावर जॉर्ज रॅमसे यांस नेमले. रॅमसे हे त्याच क्लबाचे जुने खेळाडू; १९२६ पर्यंत चाळीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला, आणि त्यांच्या हुद्द्याचे नाव होते ‘सेक्रेटरी’. आपल्याकडील क्रीडामंडळांनी या शब्दासाठी ‘चिटणीस’ हाच शब्द योजिला, यात भाषेची एक मार्मिक समज दिसते. खेळाडूने मैदान सोडावे आणि लेखणी हाती घ्यावी, हा या पेशाचा पहिला राजमार्ग होय.

मुंबई इलाख्यात हा खेळ प्रथम पलटणींबरोबर आला. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक पहिल्याच वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला; एतद्देशीय संघाच्या हाती तो लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले, आणि तो मान बंगळूर मुस्लिम्सने मिळविला. पलटणीच्या संघाची व्यवस्था अंमलदार पाहत, आणि ती त्यांच्या चाकरीचाच भाग असे. पुढे १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाल्यावर नोंदणी, सामन्यांचे वेळापत्रक आणि तक्रारींचा निवाडा यांना रीतसर दफ्तर लाभले, आणि मानद चिटणीस नावाचा, वेतनावाचून राबणारा, पण अधिकाराने मोठा असा एक वर्ग उदयास आला.

तथापि या पेशाला खरी शिडी दिली ती कारखान्यांनी. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यान्वये कामगार कल्याण मंडळ अस्तित्वात आले. ठाण्याची रेमंड, शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, अंबरनाथचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १८५४ पासून लोहमार्गाने मुंबईशी जोडलेल्या कल्याणातील रेल्वेची मोठी वसाहत, असा हा सारा पट्टा भोंग्याच्या वेळेवर चालणारा होता, आणि खेळ हा येथे मस्टरवरील नोकरीच्या आधाराने वाढला. मुंबईतील कूपरेजच्या मैदानावर टाटा, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, एअर इंडिया ही नावे ज्या काळी गाजत होती, त्या काळी खेळाडू हा प्रथम कामगार वा कारकून असे आणि मग खेळाडू. त्याची सकाळची पाळी बदलून घेणे, खात्याच्या प्रमुखाकडून सामन्यासाठी रजा मंजूर करविणे, परगावच्या स्पर्धेसाठी गाडीची तिकिटे काढणे, बूट आणि जर्सी यांचा साठा राखणे, आणि नव्या गुणी पोरासाठी साहेबापुढे भरतीची शिफारस मांडणे, हे काम संघाचा मॅनेजर म्हणविणारा गृहस्थ करी. तो बहुधा त्याच संघाचा निवृत्त खेळाडू असे. गुडघा गेला तरी हजेरीपटावरील त्याचे नाव जात नसे, म्हणून तो टेबलामागे बसू शके. पाय थकल्यानंतरही माणूस संस्थेतच राहिला, आणि संस्थेत राहिला म्हणूनच कारभार शिकला. या पेशाची सारी विद्या अशी सहवासाने उतरत आली.

पुढे हा आश्रय आटत गेला. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरण्या खिळखिळ्या झाल्या. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. आणि २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकांनी मोडला. दरम्यान २००७ साली मुंबई एफसी हा सर्वस्वी व्यावसायिक संघ उभा राहिला होता. भारताचे गोलरक्षक राहिलेले हेन्री मेनेझिस त्याच्या व्यवस्थापनात आले आणि पुढे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. जुनी वाट नव्या जमान्यात जेमतेम पोहोचल्याची ही एक खूण होय. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातीलच नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी संघाने पुण्याच्या संघाला पाच गोलांनी हरविले, आणि २०१९ मध्ये त्या संघाचा पासष्ट टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतला.

आजच्या महाव्यवस्थापकाकडे करारनामे, वेतनाची मर्यादा, खेळाडूंची खरेदी आणि प्रायोजकांशी वाटाघाटी ही कामे आहेत. म्हणजे फडणिशी, पोतनिशी आणि चिटणिशी कायम असून त्यांचा पसारा पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे. त्याच्यापासून हिरावली गेली ती एकटी सबनिशी. करार संपला की खेळाडू निघून जातो, त्याचे नाव कोणत्याही पटावर मागे राहत नाही, आणि ज्या पायरीवरून तो टेबलापर्यंत चढत असे, ती पायरीच आता शिडीत नाही. म्हणून हल्ली या पदावर व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतलेले किंवा परदेशी क्लबांत तयार झालेले लोक येतात, आणि त्यांत गैर काही नाही. परंतु कल्याण-डोंबिवलीच्या गाडीत बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एखाद्या मुलाने, खेळून झाल्यावर मी काय करू, असे विचारले, तर त्याला सांगण्याजोगे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी होते आणि आज नाही. सबनीस हे आडनाव त्याच्या इमारतीच्या जिन्याखाली अजून टांगलेले आहे. ती चाकरी मात्र उठून गेली आहे.